आप्पांची शीळ

“दगडाला अक्षर शिकवता येतं का, आप्पा?”

शिवमूर्ती ओसरीवर येऊन उभाच राहिला. बसला नाही.

आप्पा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. माणदेशातल्या उघड्या माळावर त्यांचा लहानसा मठ. एक गोठा, एक लिंब आणि हा एक शिष्य. शिवमूर्ती शहरातल्या पाठशाळेतून व्याकरण शिकून आला होता. ते त्याच्या चालण्यातही दिसायचं.

“कुठला दगड?” आप्पांनी विचारलं.

“माझ्या वर्गातला. एक नाही, सगळेच.”

गावातल्या मोठ्या माणसांना वाचायला शिकायचं होतं. बायका होत्या, दोन-तीन म्हातारे होते. आप्पांनी तो वर्ग शिवमूर्तीकडे सोपवला होता. रोज ऊन कलल्यावर मंडळी पाट्या घेऊन ओसरीवर यायची.

“काल हौसाक्का मधूनच उठून गेली. आज कुणीच आलं नाही. अजून ‘प’ला ‘ष’ म्हणतात. या वयात डोकं चालत नाही, आप्पा. मला यातून मोकळं करा.”

“हौसाक्का का उठली?”

“काही नाही. मी एवढंच म्हणालो, हे तर लहान पोरालाही येतं.”

आप्पांनी शेंगेतले दाणे तळहातावर घेतले. खाल्ले नाहीत…

“शिवा, तुला शीळ घालता येते ना?”

शिवमूर्तीचा चेहरा पडला. तो मेंढपाळाचा मुलगा. लहानपणी दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घालायचा की पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं माना वर करायची. पाठशाळेत गेल्यापासून त्याने बोटं ओठांना लावली नव्हती. आपला बाप काय करतो, हेही तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

“यायची,” तो पुटपुटला.

“मला शिकव.”

“तुम्हाला? शीळ?”

“शिकव. मग तू मोकळा.”

शिवमूर्तीला हसू आलं. हे काय, एका बैठकीचं काम!

“जीभ दुमडून मागे घ्या. ओठ दातांवरून आत. बोटांनी जीभ दाबा. आता फुंका.”

आप्पांनी फुंकलं. नुसता वारा आला. वाऱ्याबरोबर थुंकीही आली.

“जीभ मागे, आप्पा.”

फुस्स…

“ओठ सुटले. पुन्हा.”

फुस्स…

“मी काय सांगतोय, तुम्ही काय करताय! अहो, हे तर लहान पोरालाही—”

शिवमूर्तीने जीभ चावली.

आप्पांनी बोटं पुसली, शेंगांची टोपली उचलली आणि आत गेले. पाठीत जरा वाकले होते. रोज इतके वाकलेले नसत.

दुसऱ्या दिवशी शीळ शिकायला आप्पा आले नाहीत. शिवमूर्तीने लिंबाखाली पाहिलं, विहिरीवर पाहिलं. मग गोठ्यामागून आवाज आला.

फुस्स… फुस्स…

आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. दोन्ही हातांची बोटं तोंडात, डोळे मिटलेले, गाल फुगलेले. पावलांची चाहूल लागताच त्यांनी बोटं झटकन काढली आणि कफनीत लपवली. चोरी करताना सापडल्यासारखी.

ज्यांच्या पायाशी सारा गाव वाकत होता, ते आप्पा.

शिवमूर्ती तिथेच थिजला. वर्गातून उठताना हौसाक्कानेही पाटी खाली ठेवून हात असाच पदराखाली लपवला होता. त्याने पाहिलं होतं. पाहूनही पाहिलं नव्हतं.

तो आप्पांच्या शेजारी जाऊन बसला. त्यानेही तोंड भिंतीकडेच केलं.

गाय रवंथ करत होती…

“आप्पा,” शेवटी त्याने विचारलं, “शीळ कशाला हवी तुम्हाला? मी काल विचारलंच नाही.”

“मला मठात सोडायला माझा थोरला भाऊ आला होता. मी एवढासा होतो. परत जाताना त्या समोरच्या टेकडीवरून त्याने शीळ घातली. मी उलट शीळ घालावी म्हणून थांबला. पुन्हा घातली. मला येत नव्हती.” आप्पा हसले. “मी नुसता हात हलवत राहिलो. एवढ्या लांबून हात दिसतो होय?”

“आता ते…?”

“आहे की! दिघंचीला असतो. शेळ्या राखतो. वर्षातून एकदा येतो, अजून त्या टेकडीवरून शीळ घालतो. आणि मी अजून हात हलवतो.”

शिवमूर्तीला हसावं की रडावं कळेना. तो हसला. मग आपली दोन बोटं तोंडात घालून त्याने फुंकलं.

फुस्स…

आप्पांनी डोळे मोठे केले. “तुलाही येत नाही?”

“सवय मोडली.” त्याने पुन्हा फुंकलं, पुन्हा वारा. “मला पहिल्यांदा तरी कुठे लवकर आली होती? ओठ फाटले होते. मी रडायचो. बाप म्हणायचा, वारा येतोय ना, मग शीळही वाटेवर आहे.”

“तुझा बाप शहाणा दिसतो.”

“मेंढपाळ आहे,” शिवमूर्ती म्हणाला. मोठ्याने म्हणाला.

मग दोघेही भिंतीकडे तोंड करून फुंकू लागले. शिवमूर्ती आता सांगत नव्हता. मधूनच थांबून कान द्यायचा. “आत्ताचा जरा बारीक होता,” एवढंच म्हणायचा. “कशाने झाला?” आप्पा पुन्हा तसंच करून बघायचे.

आणि एकदा…

आवाज आला. लांब नव्हता, सरळही नव्हता. पण शीळच होती. कुठूनसं गावातलं एक कुत्रं धावत आलं आणि आप्पांसमोर शेपूट हलवत उभं राहिलं.

आप्पा लहान मुलासारखे टाळ्या पिटत सुटले. “आलं! अरे, ते आलं! मी बोलावलं म्हणून आलं!”

त्या दिवशी मठात जेवण उशिरा झालं. आप्पांनी विहिरीवर शीळ घातली, गायीला घातली, आरतीच्या आधी घातली. पाणी भरायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

संध्याकाळी शिवमूर्ती हौसाक्काच्या दारात गेला. ती भाकरी थापत होती.

“मास्तर, माज्याच्यानं न्हाई व्हायचं,” ती वर न बघताच म्हणाली. “आमचं वय झालं.”

“शिकवायला नाही आलो, अक्का. एक विचारायचं राहिलं होतं. वाचायला शिकून तुम्हाला काय वाचायचंय?”

तिचा हात थांबला.

“एस्टीची पाटी. लेक आटपाडीला दिलीय. दर खेपंला कुणाला तरी इच्यारावं लागतं, ही कुठली गाडी म्हून. लोक वसकन अंगावर येत्यात.”

शिवमूर्तीने चुलीपुढचा कोळसा उचलला आणि उंबऱ्याजवळच्या फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आटपाडी.

हौसाक्का पिठाच्या हातांनी जवळ आली. वाकून बघत राहिली. मग एका अक्षरावर बोट ठेवलं. पिठाचा ठसा उमटला.

“ह्यो ‘प’ न्हवं?”

“तोच.”

“हिथं माजी लेक ऱ्हाती व्हय!” ती हसली, आणि शेजारणीला हाक मारायला बाहेर धावली.

पुढच्या आठवड्यात ओसरी भरली. कुणाला औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं होतं, कुणाला नातवाचं नाव, तर एका म्हाताऱ्याला फक्त सिनेमाचं पोस्टर. शिवमूर्ती खाली, त्यांच्या ओळीत बसला होता.

वर्ग सुटल्यावर तो आप्पांपाशी आला. यावेळी बसला. पाया पडला.

“मला मोकळं करू नका, आप्पा.”

“बरं.”

“माझ्या सगळं लक्षात आलं. शीळ हे निमित्त होतं. तुम्ही मला शिकवण्यासाठी एवढं सोंग केलंत…”

आप्पांनी बोटं तोंडातून काढली.

“सोंग कसलं? अरे, मला शीळ शिकायची होती!”