सगळ्यांचं बोलणारी कासारीण

लहानग्यांनो आणि थोरांनो, आपल्या पणज्यांच्या पणज्या परकरात खेळत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक कासार राहत होता. बांगड्या भरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. खरं सांगायचं तर अर्धं काम त्याची जीभच करायची. बाईचा हात हातात आला की तो तिच्या माहेरची चौकशी काढायचा. तिचं मन तिकडे गेलं की तेवढ्यात बांगडी मनगटावर चढलेली असायची.

त्याच्या बायकोचं नाव गोजराबाई. बाई मायेची, कामसू, पण भारी उतावळी. समोरच्यानं तोंड उघडलं की त्याचं वाक्य हीच पुरं करायची. शेजारीण उंबऱ्यात येऊन नुसतं "जरा" म्हणाली की गोजराबाई विरजणाची वाटी घेऊन बाहेर. दहातल्या नऊ वेळा शेजारणीला विरजणच हवं असायचं. दहाव्या वेळी ती बिचारी मुकाट्यानं विरजण घेऊन घरी जायची, त्यामुळे त्या दहाव्या वेळेचा पत्ता गोजराबाईला कधी लागलाच नाही.

त्यांच्याजवळ त्यांची नात राहत होती, येसू. तिला जन्म देतानाच तिची आई गेली होती. पोर पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कान तिखट होते, समज चांगली होती, पण बोलायची वेळच तिच्यावर येत नसे. तिनं टोपलीकडे पाहिलं की हातात भाकरी यायची, दाराकडे पाहिलं की आजी तिला कडेवर घेऊन बाहेर निघायची. लोक काळजी करायचे. गोजराबाई म्हणायची, मला सगळं कळतं तिचं, मग तिला बोलायची गरजच काय?

एके दिवशी सकाळी कासार बांगड्यांच्या माळा लावत बसला होता. एकाएकी हातातली माळ निसटली आणि तो आडवा झाला. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. जिवावरचं टळलं, एवढंच. त्याला सगळं कळायचं. शब्दही आठवायचे, पण ओठांपर्यंत यायचे नाहीत. आयुष्यभर जिभेवर जगलेला माणूस, तो भिंतीकडे तोंड करून रडायचा.

नदीपलीकडे एक म्हातारी राहत होती. तिला लोक बोलवणारी म्हणत. वाचा गेलेल्या म्हाताऱ्यांना आणि न बोलणाऱ्या मुलांना ती बोलतं करायची. मंत्र नाही, अंगारा नाही, नुसती चिकाटी. गोजराबाईनं तिला हातापाया पडून बोलावून आणलं.

बोलवणारीनं आजोबाला आणि नातीला समोरासमोर बसवलं. कापसाचा पुंजका तळहातावर ठेवून दोघांकडून फुंकरी मारून घेतल्या. मग कासाराला त्याच्या जुन्या आरोळीची आठवण करून दिली, गल्लीतून जाताना तो सुरात घालायचा ती. आणि काय सांगू, साधा शब्द न येणारा कासार सुरावर ती अख्खी आरोळी म्हणून गेला! येसू टाळ्या पिटायला लागली. वाट सापडली होती.

मग म्हातारी गोजराबाईकडे वळली. तिची रीत अशी होती की, घरातल्या माणसालाही ती काम लावायची. रोज सकाळी उंबऱ्यावरची सावली सरेपर्यंत गोजराबाईनं तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचं. काही विचारायचं नाही, सुचवायचं नाही, आपणहून काही द्यायचं नाही. नवऱ्याला किंवा नातीला काही हवं असेल तर त्यांनी आवाज काढायचा, कसाही का होईना. तो निघेपर्यंत घोट गिळायचा नाही.

पहिले काही दिवस बरे गेले. कासारानं "पा" म्हटलं, दोन दिवसांनी "पाणी" म्हटलं. येसूनं एकदा "आबा" अशी हाक मारली आणि स्वतःच दचकली. पण शब्द काढताना कासाराला घाम फुटायचा, लाळ गळायची, मान थरथरायची. येसू हवं ते मिळेना म्हणून जमिनीवर लोळण घ्यायची. गोजराबाईच्यानं ते बघवेना. ती घोट गिळून टाकायची आणि म्हणायची, हो हो, कळलं मला. कासाराचा अर्धा आलेला शब्द तिथेच थांबायचा.

हे तीनदा झालं, चारदा झालं. पाचव्या वेळी बोलवणारीनं तिला परसात नेलं.

"बाई, तुमची माया मला दिसते," ती म्हणाली. "पण तुम्ही बोललात की ते थांबतात. पोरीला अजून दिवस आहेत. तुमच्या मालकांना फार नाहीत."

गोजराबाईला ते झोंबलं. माझ्या माणसांना माझ्यासमोर छळायचं आणि वर मलाच बोल लावायचा? आणि मनाच्या तळाशी आणखी एक भीती होती, ती तिनं स्वतःलाही कधी सांगितली नाही. ही दोघं आपापली बोलायला लागली, तर आपलं काय काम उरणार? तिनं म्हातारीची ओटी भरली, गोड बोलली आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

घरात पुन्हा शांतता झाली. गोजराबाई सकाळी दोघांना खाऊपिऊ घालायची, दुपारी बांगड्यांची पेटी घेऊन गावात जायची, आल्यावर नवऱ्याला वाटीभर गरम दूध पाजायची. दूध चांगलं, गाईचं, पातळ, आजाऱ्याला पचेल असं.

दूध प्यायलं की कासाराला ठसका लागायचा. डोळे लाल व्हायचे, छाती घरघरायची. तो डावा हात गळ्याकडे न्यायचा आणि मान हलवायचा. गोजराबाई म्हणायची, तहान लागली होय, आणि पाणी पाजायची. ठसका वाढायचा. तो पुन्हा मान हलवायचा. ती म्हणायची, गार नको ना, थांबा, कोमट करून देते. तो तोंड उघडायचा, "नको" मधला "न" ओठांवर यायचा, आणि तोवर वाटी ओठांना लागलेली असायची. पुढे पुढे त्यानं तोंड उघडणंच सोडलं.

येसूला मात्र सगळं माहीत होतं. दुपारी आजी बाहेर गेली की ती शिळ्या भातात दही कालवून स्वतः खायची आणि आबालाही भरवायची. त्या घट्ट भाताला आबाला एकदाही ठसका लागला नव्हता. ठसका लागायचा तो दुधाला, पाण्याला, पातळ पेजेला. एकदा तिनं आजीचा पदर ओढला, वाटीकडे बोट दाखवलं आणि वाटी दूर ढकलली. गोजराबाई हसली.

"तुला पण हवं होय ग? आबाला दिलं, मला नाही, म्हणून रुसलीस?" असं म्हणून तिनं दुसरी वाटी भरून नातीच्या हातात दिली.

कासाराला ताप भरला. वैद्य आला. त्यानं रोग्याच्या तोंडाशी वाकून विचारलं, कुठं दुखतं, कशानं वाढतं. कासारानं सगळा जीव गोळा करून गळ्यावर हात ठेवला आणि ओठ हलवले. वैद्य थांबलाही असता. पण गोजराबाई मधे पडली. यांना वारं लागलंय, घसा सुकतोय, पाणी पाणी करतात, असं तिनं सगळं समजावून सांगितलं. वैद्यानं तिच्या सांगण्यावर काढा दिला. काढा पातळ होता. तो दिवसातून चारदा पाजायचा होता, आणि गोजराबाईनं एकही वेळ चुकवली नाही.

पाचव्या दिवशी कासार गेला. जाण्याआधी बराच वेळ तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता. तिनं बायाबापड्यांना सांगितलं की ते माझा निरोप घेत होते.

तेरावा झाला. गोजराबाई ओसरीवर बसली होती आणि येसू अंगणात चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत होती. पोरीनं करवंटीत पाणी घेतलं, बाहुलीच्या तोंडाला लावलं आणि स्वतःच खोकायला लागली, आबासारखी, छाती धरून, डोळे फिरवून. मग करवंटीतलं पाणी ओतून दिलं. ओल्या मातीचा गोळा केला, तो घास घास करून बाहुलीला भरवला. बाहुली खोकली नाही. पोरीनं बाहुलीची पाठ थोपटली आणि पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा खोकला.

गोजराबाई बघत राहिली. वाटी, काढा, गळ्याकडे जाणारा तो हात, ती हलणारी मान, सगळं तिच्यासमोर एकापाठोपाठ उभं राहिलं. आपल्या हातांनी, आपल्या मायेनं पाजलेला प्रत्येक पातळ घोट पोटात न जाता त्यांच्या छातीत उतरत होता, ते तिला कळलं.

ती अंगणात उतरली आणि पोरीसमोर बसली. "येसू, आबा काय सांगत होते ग मला? तू सांग. मी काही बोलत नाही."

आणि आयुष्यात पहिल्यांदा गोजराबाई खरोखरच थांबली. येसूनं बाहुली खाली ठेवली. पण "आबा" म्हणालेली ती सकाळ आता फार मागे राहिली होती. आपल्याला काय म्हणायचंय ते आजीच सांगते, हे पोरीच्या अंगवळणी पडलं होतं. ती आजीच्या ओठांकडे बघत राहिली. ऊन अंगण सोडून कुंपणावर गेलं, तरी ती बघतच होती.

तात्पर्य: कितीही वेळ लागला तरी माणसाचा शब्द त्यालाच बोलू द्यावा, कारण मायेनं हिरावलेली वाचासुद्धा परत देता येत नाही.