चढाला दमणारी मोटारसायकल

एकदा एका घाटाच्या पायथ्याला एक वृद्ध मिस्त्री राहत होते. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण चाळीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त करून हातांना एक शहाणपण आलं होतं. लोक त्यांना वस्ताद म्हणत. निवास हा त्यांचा शिष्य. लग्न झालेला, पस्तिशीचा गडी. हात चलाख आणि जीभ त्याहून चलाख. त्या सकाळी वस्ताद त्याला म्हणाले, "आज येईल त्या गाडीचा निवाडा तू करायचा. मी मध्ये बोलणार नाही."

आले ते वाघमोडे, गुरांचे डॉक्टर, जुनी मोटारसायकल ढकलत. घाटावरच्या वाड्यांना ते बर्फाच्या डब्यातून लस नेत. पण मागच्या दोन्ही खेपांना गाडी अर्ध्या घाटात बसली, बर्फ वितळला आणि लस वाया गेली. वर तर जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ शिरली होती.

"सोमवारी मला वर पोचायचंच आहे," ते म्हणाले. "हेच इंजिन दुरुस्त करा, बदला, नाहीतर मोठं बसवा. काय करायचं ते सांगा."

निवासनं किक मारली. निळा धूर निघाला. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, घटकाभर ऐकलं आणि मान हलवली.

"म्हातारं झालंय, डॉक्टर. मोठ्या गाडीचं इंजिन बसवू. घाट सोडा, भिंत चढेल!"

"चढेल हो, पण उतरवणार कोण? उतारालाच माझा जीव जातो."

कोपऱ्यात बशीतून चहा पिणारे वस्ताद उठले. "निवास, गाडी बंद कर, न्यूट्रलमध्ये टाक आणि समोरच्या चढावर ढकलत ने."

"तुम्ही मध्ये बोलणार नव्हतात ना?"

"बोलत कुठं आहे? काम सांगतोय. चल."

शंभर पावलांचा चढ. पन्नासाव्या पावलाला निवासचा सदरा पाठीला चिकटला, साठाव्याला तो थांबलाच. वस्ताद सावकाश मागून आले.

"काय रे, दमलास? मग तुझंही काळीज काढून मोठं बसवावं म्हणतो."

डॉक्टर खो-खो हसले. निवास मात्र कानापर्यंत लाल झाला. वस्तादांनी गाडीमागं बैठक मारली, मागच्या ब्रेकचा नट चार-पाच आटे सैल केला आणि चाक एकदा बोटानं फिरवलं. "आता ढकल."

गाडी निघाली ती पुढून कुणी ओढत असल्यासारखी. वर पोचल्यावर निवासनं गाडी वळवली. मग ती घेऊन तो खाली आला.

"डॉक्टर, हा नट कोण आवळतं?" वस्तादांनी विचारलं.

"मीच. उताराला गाडी हातातून सुटेल असं वाटतं. म्हणून दर आठवड्याला थोडा थोडा."

वस्ताद तिथंच दगडावर टेकले. "भीतीपोटी तुम्ही आवळत गेलात आणि ब्रेक चाकाला चिकटून बसला. तेव्हापासून हे इंजिन चढाला गाडीबरोबर तुमचं भयही ओढतंय. त्यात ते तापलं, पिस्टनच्या रिंगा झिजल्या, धूर सुटला. मोठं इंजिन बसवलं असतं, तर त्यानंही हेच ओझं ओढलं असतं, चार महिने जास्त. निवास, धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून दोष तिथंच आहे असं वाटतं. दमलेल्याला म्हातारा ठरवण्याआधी त्याला मागून कुणी धरून ठेवलंय का, ते बघत जावं."

"अहो, पण माझा उतार?" डॉक्टर कळवळून म्हणाले.

"खालच्या गिअरमध्ये उतरा आणि अॅक्सिलेटर सोडून द्या. वर नेणारं इंजिनच खाली येताना गाडी धरून ठेवतं. ब्रेक लागेल तेवढाच दाबायचा. बाकी थोडा भरवसा त्याच्यावर टाका." मग ते शिष्याकडे वळले. "हं, निवाडा अजून तुझाच आहे."

निवासनं इंजिन उघडलं, भाग रॉकेलमध्ये धुतले, सिलेंडरच्या आतून बोट फिरवलं. या वेळी त्याला कसलीच घाई नव्हती.

"सिलेंडरला ओरखडा नाही," अखेर तो म्हणाला. "रिंगा नव्या घालतो, व्हॉल्व्ह घासून बसवतो. इंजिन हेच राहील."

वस्तादांनी नुसती मान डोलावली.

रविवारी निवास डॉक्टरांच्या मागं बसून घाट चढून पुन्हा उतरला. उताराच्या पहिल्या वळणावर डॉक्टरांचा पाय ब्रेकवरून निघतच नव्हता. पाचव्या वळणावर त्यांचे खांदे सैल झालेले निवासनं पाहिले.

सोमवारी दुपारी दुधाचा टेंपोवाला निरोप घेऊन आला. "लस पोचली म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. डब्यात बर्फ शिल्लक होता."

"आणि उतरले कसे?" वस्तादांनी विचारलं.

"घाटात मी त्यांच्या मागंच होतो की! दुसऱ्या गिअरमध्ये, शीळ घालत चालला होता गडी."

निवास उठला. त्यानं दोन कपांत चहा ओतला आणि पहिला कप वस्तादांपुढं ठेवला.

बळ कमी पडतंय असं वाटेल तेव्हा आपण काय आवळून धरलंय, ते आधी पाहावं.