मोकळी रांग

डोंगरउतारावरच्या एका नगरात एक टांगेवाला राहत होता. माणूस मनानं वाईट नव्हता, पण थांबायचं म्हटलं की त्याच्या अगदी जिवावर यायचं.

नगराच्या वेशीपाशी मोठा चौक होता. चौकाच्या बऱ्याच अलीकडे गाड्यांच्या दोन रांगा लागत. सरळ पुलावर जाणाऱ्यांनी डावी धरायची, उजवीकडे वैद्याच्या आळीत वळणाऱ्यांनी उजवी. उजवीत नेहमी खाणीवरच्या दगडगाड्यांची गर्दी असे. आमचे हे शहाणे वळायचं असलं तरी डाव्या मोकळ्या रांगेतून भरधाव यायचे आणि ऐन तोंडाशी टांगा आडवा घालायचे. बिचारे गाडीवान बैल आवरत शिव्यांची लाखोली वाहायचे. हा हसत निघून जायचा.

एके दिवशी त्याची धाकटी लेक बकू खेळता खेळता धोत्र्याच्या बिया खाऊन बसली. चेहरा लालबुंद झाला, तोंडाला कोरड पडली, पोर काहीबाही बरळू लागली. बायकोनं तिला पदराखाली घेतलं, यानं वैद्याकडे जायला घोडा जुंपला. चौक दिसला तेव्हा उजवी रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. डावी मोकळी होती. हात सवयीचा, लगाम डावीकडेच ओढला गेला.

तोंडाशी आल्यावर मात्र त्यानं शेजारी पाहिलं. शेजारच्या रांगेतून पाळी आलेली, दगडांनी भरलेली गाडी उतारानं वळणाकडे येत होती. बैलांचे पाय घसरत होते. गाडीवान कासरा ओढून घामाघूम झाला होता आणि त्याच्या शेजारी त्याची म्हातारी आई जीव मुठीत धरून बसली होती. ती गाडी काही केल्या थांबणार नव्हती आणि तिच्यामागे रांगेत कुठे फट नव्हती. टांगा आडवा घातला तर आपण कदाचित निसटू, पण बैल बुजून गाडी कलंडली तर?

"घाला ना आडवा," बायको म्हणाली. "रोज घालता तसा."

टांगेवाल्यानं मागे वळून पाहिलं. बकू आता बरळतही नव्हती. केवढासा तो जीव! त्यानं ओठ घट्ट मिटले आणि घोडा सरळ पुलावर घातला.

पूल संपेपर्यंत टांगा वळवायला जागा नव्हती. बायको रडत रडत त्याला नाही नाही ते बोलत होती. पलीकडच्या माळावर टांगा फिरवून तो परत चौकात आला, यावेळी आपल्या रांगेत उभा राहिला, आपली पाळी आल्यावर वळला आणि वैद्याच्या दारी पोचला.

वैद्यांनी पोरीला आत नेलं. नवराबायको ओसरीवर बसून राहिली. दिवेलागण झाली तरी दार उघडेना.

अखेर वैद्य बाहेर आले. "वाचली पोर," ते म्हणाले. "पण घटकाभर आधी आणली असतीत, तर तिचे एवढे हाल झाले नसते."

बायको हुंदका आवरत म्हणाली, "पुलावरून फिरून आलात, तिथं उशीर झाला."

"उशीर त्याच्या आधीच झाला होता," टांगेवाला खाली मान घालून म्हणाला. "मोकळी बघून मी भलती रांग धरली तेव्हाच. चूक माझी, ती त्या म्हातारीच्या अंगावर कशी घालू?"

तात्पर्य: कुठे वळायचं ते ठरवून रांग आधीच धरावी. चुकलीच, तर फेरा आपण घ्यावा, दुसऱ्याच्या जिवावर आडवं घुसू नये.