पडद्यावरचं प्लास्टिक

टीव्ही सपाट होऊन नुकते भिंतीवर चढू लागले होते, त्या काळची ही गोष्ट. नलूकाकूंच्या घरी मोठा टीव्ही आला. बसवणारा माणूस पडद्यावरचं पातळ प्लास्टिक काढायला लागला, तशा काकू म्हणाल्या, “राहू द्या हो, नवाच राहील.”

टीव्हीखाली गेम खेळायचा डबा बसे. वायरीतून तो जीव ओतून चित्र पाठवी. डोंगरावरचं गवत, त्याचं पातं न् पातं वेगळं. पडद्यावर मात्र सगळं धुक्यातून आल्यासारखं दिसे. काकूंची मुक्ता डोळे बारीक करून बघे, सेटिंग बदलून बघे. शेवटी तिने महागातली वायरही आणली. काही उपयोग झाला नाही.

“तू नीट दाखवत का नाहीस?” डब्याने एकदा टीव्हीला विचारलंच.

“मी लख्खच दाखवतो रे. तुझं गवत माझ्यापर्यंत येतं, तिच्यापर्यंत पोचत नाही.”

प्लास्टिक फणकारलं, “मी आहे म्हणून तुझ्या अंगावर ओरखडा नाही!”

“नाही ना,” टीव्ही म्हणाला. “पण तिने एकदा तरी मला नीट पाहायला हवं होतं.”

वर्षं गेली. मुक्ता नोकरीसाठी परगावी गेली आणि डबा माळ्यावर गेला. पुढे टीव्हीही बंद पडला, तेव्हा काकूंनी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने सहज कोपऱ्यातून प्लास्टिक ओढून काढलं.

“अगंबाई,” काकू पुढे होत म्हणाल्या, “अजून नवाच आहे की!”

काळ्याभोर पडद्यात त्यांचा चेहरा लख्ख दिसत होता. सुरकुती न् सुरकुती वेगळी.