वळणावरचं डांबर

"पण बाबा, डांबर जळलंय हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"जळलं नसतं तर आशीर्वाद मागायला आला असतास, बेटा?"

हिंगमिरे इंजिनिअर ओशाळले. घाटातल्या नव्या रस्त्याचं उद्या उद्घाटन होतं. शेवटचं वळण मदारशा फकिराच्या झोपडीसमोरच होतं. पलीकडे दरी.

"तसं फार काही नाही," ते म्हणाले. "मंत्र्यांचा मुहूर्त लांबला, टाकी आचेवर राहिली. थांबा असं डांबराला सांगता येतं, मंत्र्यांना नाही."

"मग?"

"यात पॉलिमर मिसळतात. रबरासारखं असतं. फार तापलं की मरतं. चांगल्या डांबराची तार ताणून कापली तर ती मागे आखडते. आमची…"

"आखडली नाही."

"दिसायला काही फरक नाही, बाबा. उलट जास्तच चकाकतंय."

"मयतालाही अत्तर लावतात."

हिंगमिरे हसले. खात्यात त्यांनी याहून कडू विनोद पचवले होते.

"वळणापर्यंत जाऊन ये," फकीर म्हणाला.

दुपार टळटळीत होती. कावळासुद्धा ओरडत नव्हता. नव्या रस्त्यात बूट रुतत होते. इथून भरलेला ट्रक वळला तर काय होईल, ते पुस्तकात दिलेलं होतं. पुस्तक हिंगमिऱ्यांना पाठ होतं.

कठड्यापाशी उभं राहून त्यांनी खाली पाहिलं. मग परत फिरले.

"आलो, बाबा."

"मागे बघ."

ठसे होते. खोल, रेखीव, थेट कठड्यापर्यंत गेलेले.

परतीचा एकही नव्हता.

त्यांनी बूट उचलून पाहिला. तळव्याला डांबराचा ठिपकासुद्धा नव्हता.

"हे… कसं काय?"

हिंगमिरे समोर उभे होते, पण फकिराची नजर त्यांच्यावर नव्हती. ती त्यांच्या आरपार वळणावर लागली होती.

हिंगमिऱ्यांनी खिशातून फोन काढला.

"उखडतो हा रस्ता. आत्ताच कळवतो मंत्र्यांना. नोकरी गेली तर जाऊ दे… बाबा, ऐकताय ना?"

फकिराने वळणावरची नजर हलवली नाही.

"मला सांगून काय उपयोग… वळणावर गेलाय तो परत आला की त्याला सांग."