अकरा दुरुस्त्या

"मग बंद का पडती?" यासीनचाचांनी विचारलं.

अभिनंदन मगदूमला राग आला. तेच विचारायला तर तो गडहिंग्लजच्या या काळ्याकुट्ट गॅरेजात आला होता.

शिकलेला पोरगा, इंजिनियर. आजोबांच्या चौसष्ट सालच्या मोटारीचं मेलेलं इंजिन उपसून त्यानं नव्या गाडीचं बसवलं, स्वतःच्या हातानं. गावभर सांगून झालं. उद्या धाकट्या बहिणीचं लग्न, आणि नवरी याच मोटारीतून सासरी जाणार, असं या शहाण्यानं पत्रिकेत छापलं होतं. पत्रिकेत!

सासर इथून चौदा किलोमीटर. मोटार दर तीन किलोमीटरला बंद.

"अकरा दुरुस्त्या केल्यात, चाचा." त्यानं वही उघडली. "वायरिंग दोनदा नवं ओढलं. रिले बदलला. पेट्रोलचा पंप बदलला. फिल्टर तीन झाले, फ्यूज चार. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी चालू झाली. तारखेसकट लिहिलंय."

"मग चांगली हाय की गाडी."

"पण पुन्हा तीन किलोमीटरवर..."

"चल."

चाचांनी पाना घेतला नाही, पक्कड घेतली नाही. थर्मास घेतला.

सासरच्या वाटेवर बरोब्बर तीन किलोमीटरला मोटारीनं दोन आचके दिले आणि मान टाकली. अभिनंदन बॉनेटकडं धावला.

"हात लावू नको. चहा पी."

"चाचा, फ्यूज गेला असणार!"

"चहा पी म्हंतोय न्हवं."

दोघं बांधावर बसून चहा प्याले. चाचा सावकाश पीत होते, जणू लग्नाला अजून महिना होता.

"मार आता किल्ली."

मोटार चालू झाली.

"काय दुरुस्त केलंस?"

"...काहीच नाही."

"वहीत लिही."

अभिनंदनला ते झोंबलं.

पुढच्या तीन किलोमीटरवर मोटार पुन्हा मेली. अभिनंदननं स्वतःच थर्मासकडं हात नेला.

"आता नगं," म्हणत चाचा उतरले, मागं गेले आणि टाकीचं झाकण पिळलं.

फुस्स...

टाकीनं एवढा मोठा श्वास ओढला की बांधावरची म्हैस वळून बघाय लागली.

"मार किल्ली."

लगेच चालू. चहाबिगर.

चाचांनी झाकण हातात फिरवलं. आरशासारखं चकचकीत.

"हे कुठलं?"

"पुण्याहून मागवलं." अभिनंदनची छाती फुगली. "जुन्या झाकणाला भोक होतं, पेट्रोलचा वास यायचा. यातून हवासुद्धा जात नाही!"

"हवासुद्धा न्हाई?"

"अजिबात नाही! बाहेरची आत नाही, आतली बाहेर..."

...

छाती हळूहळू खाली बसली.

"इंजिनेरसाब, तुमच्या घरात तेलाच्या डब्याला किती भोकं पाडत्यात?"

"...दोन."

"कोण पाडतं?"

"आई."

"किती शिकलीया?"

अभिनंदन म्हशीकडं बघत राहिला.

चाचांनी त्याच्याच हत्यारांच्या पिशवीतला खिळा आणि हातोडी घेतली. झाकण गाडीपासून लांब, मैलाच्या दगडावर ठेवलं.

"चाचा, नको! पॉलिश..."

ठक्.

पुढचे आठ किलोमीटर मोटार एकदाही थांबली नाही. ती थांबली व्याह्यांच्या दारात, ब्रेक लावल्यावर. मांडव घालणारी माणसं काम सोडून बघाय लागली. व्याही कमरेवरचे हात काढून पुढं आले, मडगार्डवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झकास! उद्या वेळेवर या."

ते आत गेल्यावर अभिनंदननं वही काढली.

"चाचा, या अकरा दुरुस्त्यांवर काट मारू?"

"कशाला? तू वायरी वडत बसलास तवर टाकीत कुटनं तरी थोडी हवा झिरपली, अकरा येळा चालू झालती न्हवं गाडी?"

"झाली होती."

चाचांनी थर्मास उलटा करून बघितला. थेंब नव्हता.

"मग काट मारू नको. पर्त्येकीच्या शेजारी लिही... चहा."