मडकं विरघळायची वाट बघतं

माणसाच्या घरात तांब्यापितळेची भांडी यायच्या फार आधी नदीकाठी धुरपदा नावाची कुंभारीण राहायची. तिनं घडवलेलं एक मडकं सावलीत सुकलं खरं, पण मनातून पार गोंधळून गेलं.

कारण परवापर्यंत ओल्या हातानं त्याला गोंजारणारी धुरपदा आज नवऱ्यावर खेकसत होती, "अहो, पाण्याचा हात लावू नका त्याला! चिखल होईल त्याचा." आणि एवढं बोलून तिनंच त्याला उचललं नि गोवऱ्या रचलेल्या भट्टीत नेऊन बसवलं.

"पाण्यापासून जपते आणि विस्तवात ढकलते! हिचं डोकं फिरलंय की माझं?" मडक्यानं वर झाकलेल्या जुन्या खापराला विचारलं.

"मलाही तेव्हा काही कळलं नव्हतं," खापर म्हणालं.

"मग कळलं कधी?"

उत्तराच्या आधी धूर आला.

भट्टी निवल्यावर धुरपदानं मडकं बाहेर काढलं आणि बोटानं वाजवून पाहिलं. टण्ण!

"कोण ओरडलं?" मडकं दचकलं.

"तूच की," राखेतून खापर म्हणालं.

मडक्याला काही ते पटेना. आपला आवाज तर भद्द होता! तेवढ्यात धुरपदानं त्यात काठोकाठ पाणी ओतलं. आता संपलं सगळं, म्हणून मडक्यानं अंग चोरलं आणि ते विरघळायची वाट बघू लागलं.

दुपार टळली. धुरपदाचा नवरा माती खणून आला, गार पाणी घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "झकास निघालंय गं हे!"

मडकं अजून वाटच बघत होतं.